वत्सलाबाईंचं माप

आमच्या तंत्रनिकेतनातली कॅडची, म्हणजे संगणकावर यंत्रांची चित्रं काढायची, प्रयोगशाळा सकाळी पावणेदहाला उघडते. ती उघडणारा माणूस गेली अठ्ठावीस वर्षं एकच आहे. पगारपत्रकावर कचरू गेणू जोगदंड, प्रयोगशाळा परिचर. पोरांच्या तोंडी कचरूमामा. मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर गणित शिकवतो आणि जिना चढायच्या आधी मामांजवळ दोन मिनिटं थांबायची मला जुनी सवय आहे. त्यामुळे ही हकिगत थोडी मी पाहिलेली, थोडी मामांनी सांगितलेली आणि बरीचशी त्यांच्या घरी चहा पिताना वत्सलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं दुरुस्त करून दिलेली आहे.

मामा मूळचे लिंबागणेशकडच्या एका वस्तीवरचे. त्यांच्याआधीची दोन लेकरं दगावली होती, म्हणून आईनं तिसऱ्याचं नाव कचरू ठेवलं. कचऱ्यावर कुणाची नजर जात नाही. वडील सालगडी होते. त्यांना सही येत नव्हती, पण मामांनी शाळा चुकवायचं नाव काढलं की ते भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं बोट करायचे. मामा दहावी झाले. गणितात काठावर, चित्रकलेत वर्गात पहिले.

अंबाजोगाईला आमच्याकडं ते लागले तेव्हा प्रयोगशाळेच्या जागी ड्रॉइंग हॉल होता. साठ लाकडी बोर्ड, साठ उंच स्टुलं. रोज सकाळी बोर्ड पुसायचे, कागद सरळ ताणून क्लिपा लावायच्या, पोरांच्या पेन्सिलींना टोक करून द्यायचं, ही मामांची कामं. कागद लावावा तर त्यांनीच. पुढं बोर्ड तळघरात गेले आणि तीस संगणक आले. मामा त्यांच्यावरची धूळ पुसायला लागले. धुळीपलीकडं त्या यंत्रांशी आपला काही संबंध आहे असं त्यांना वाटलं नाही, आणि दुसऱ्या कुणालाही वाटलं नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात एक गोष्ट घडली. अंजली नावाची दुसऱ्या वर्षाची मुलगी प्रॅक्टिकल अर्धवट सोडून गेटवर गेली, कारण तिचे वडील गावाकडून डबा घेऊन आले होते. पाच वाजले होते. मामांनी नेहमीप्रमाणे एकेक संगणक बंद करायला घेतला. बंद करताना पडद्यावर एक चौकट यायची आणि काहीतरी विचारायची. तीन बटणं असायची. मधलं दाबलं की यंत्र लवकर बंद होतं, एवढं मामांना अनुभवानं माहीत होतं. त्यांनी मधलं दाबलं. अंजली परत आली तेव्हा तिचं चार तासांचं काम गेलेलं होतं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मामा अजून म्हणतात. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "जाऊ द्या मामा. उद्या परत काढते."

दुसऱ्या दिवशी मामा रोहिणी मॅडमसमोर जाऊन उभे राहिले. रोहिणी मॅडम म्हणजे कॅड शिकवणाऱ्या आमच्या निदेशिका. केजच्या, अठ्ठावीस वर्षांच्या, कंत्राटी. मामा त्यांच्या वडिलांच्या वयाचे.

"मॅडम, त्या चौकटीत मशीन काय इच्यारतंय ते एकदा सांगा मला."

"काम जपून ठेवायचं का, असं विचारतं मामा. पहिलं बटण हो, दुसरं नको."

"आन मी रोज नको म्हनत आलो."

"पोरं आधीच जपून ठेवतात. काल तेवढं राहिलं."

मामा गेले नाहीत. दाराशी घुटमळले. मग म्हणाले, "आत काय असतंय ते बी सांगता का? जे पुसायलोय ते काय हाय, ते तरी कळंल."

रोहिणी मॅडमनी घड्याळाकडं बघितलं. जेवणाची सुट्टी दीड ते सव्वादोन. "डबा लवकर खाऊन या," त्या म्हणाल्या.

असं ते सुरू झालं. पहिल्या दिवशी मॅडमनी त्यांना रेघ काढायला शिकवली. मामांनी चार रेघा जोडून एक चौकोन काढला. बोर्डावर आयुष्यभर कागद सरळ लावलेला माणूस. चौकोन नीटच निघाला. मॅडमनी माउस हातात घेतला, चौकोनाचा एक कोपरा पकडला आणि ओढला. चौकोन बिचकल्यासारखा वाकडा झाला. अजून ओढला, तर तो पतंगासारखा झाला.

"मामा, ह्याला चौकोन कोण म्हणालं?"

"मघाशी तर दिसत व्हता."

"दिसत होता. पण तुम्ही त्याला सांगितलंच नाही की चौकोन राहा म्हणून. ह्या रेघा बघा, निळ्या आहेत. निळी म्हणजे मोकाट. कुणी पण ओढून नेईल. कोणती आडवी राहायची, कोणती उभी, कोण कुणाला चिकटलेलं, कोण कुणाएवढं, हे एकेक सांगायचं. मग मापं द्यायची. सगळं सांगून झालं की रेघ काळी होते. मग ओढून बघा, जागची हलत नाही."

मामांनी सांगायला सुरुवात केली. ही आडवी, ही उभी, ही तिच्याएवढी. लांबी दिली, रुंदी दिली. तरी चारही रेघा निळ्याच. मामांनी मॅडमकडं बघितलं.

"ओढून बघा," मॅडम म्हणाल्या.

ओढलं, तर अख्खा चौकोन जसाच्या तसा पडद्यावर फिरायला लागला.

"आकार सांगितला, माप सांगितलं. पत्ता सांगितला का?"

मधोमध एक बारका लाल ठिपका होता. मॅडमनी चौकोनाचा कोपरा त्याला चिकटवायला लावला. चारही रेघा एकदम काळ्या झाल्या. त्या दिवशी मामा मला जिन्याजवळ भेटले तेव्हा म्हणाले, "सर, लई साधं हाय. पर कुनी सांगितल्याबिगर कळत न्हाई."

दुसरी अडचण त्यांच्या स्वभावातली होती. मामा कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघतात. फोनवर निरोप दिला की ठेवायच्या आधी तोच निरोप परत देतात. चित्रातही त्यांनी तसंच केलं. वरच्या रेघेला माप दिलं, खालचीलाही दिलं, दोन्ही सारख्या आहेत असंही सांगितलं. सगळं चित्र लालेलाल.

"एकच गोष्ट दोनदा सांगितली मामा," मॅडम म्हणाल्या. "त्याला कळेना की कुणाचं ऐकू."

"दोन्ही मापं सारखीच हायेत की. भांडन कशाचं?"

"आज सारखी आहेत. उद्या एक बदललं आणि दुसरं बदलायचं राहिलं तर? एकदाच सांगायचं. बाकीचं त्याच्यावरून निघू द्यायचं."

जास्तीचं माप खोडताना मामांचा हात अडखळायचा. लाल काढायला त्यांना महिनाभर लागला, असं मॅडम सांगतात. वत्सलाबाईंचं मत वेगळं आहे. "घरात अजून समदं दोनदाच सांगतेत," त्या म्हणतात.

एका जुन्या हजेरीपटाची मागची कोरी पानं ही मामांची वही झाली. तीत त्यांनी आपल्या सोयीची नावं लिहून ठेवली. वर्तुळाला टेकून जाणारी रेघ 'चाटून जाणारी'. एकाच मध्याची दोन वर्तुळं 'एका खुंटीची'. दोन्ही अंगांना सारखं असलेलं 'आरशातलं'. मी ती वही पाहिलीय. अक्षर चांगलं आहे.

वर्ष दीड वर्ष हे असंच चाललं. मामा पोरांच्या पुस्तकातल्या चकत्या, पट्ट्या, बिजागऱ्या काढायचे आणि सव्वादोनला संगणक पुसून उठायचे. ह्यातून पुढं काही करावं असं त्यांच्या डोक्यात नव्हतं. मग वत्सलाबाईंचा गुडघा गेला.

वत्सलाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवतात. बुटक्या, अंगानं भरलेल्या, कामाला चपळ. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो काढला आणि सांगितलं, खाली बसणं बंद. शाळेत त्यांनी निभावलं. तिथं उभं राहूनच ढवळायचं असतं. घरी मात्र भाकरीची पंचाईत झाली. घरात ओटा होता, पण गवंडी उंच होता आणि त्यानं तो स्वतःच्या बेतानं बांधलेला. वत्सलाबाईंच्या तो छातीला लागायचा. खाली पाट घेतला तर त्यावर सारखी चढउतार करून दहा मिनिटांत गुडघा ठणकायचा.

"निस्ते हात हालवून भाकर व्हत न्हाई," त्यांनी मला समजावून सांगितलं. "अंगाचा भार वरून हातावर यावा लागतोय. खाली बसलं की तो येतो. वट्याला कुठून येनार?"

त्यांची लेक चैताली कडा गावात दिलेली आहे. तिनं फोनवर विजेवर चालणारं यंत्र घ्यायचं सुचवलं. त्यावर वत्सलाबाईंनी चार दिवस तिचा फोन उचलला नाही. मामा घरी पोळ्या लाटून बघायला लागले. त्या पोळ्यांविषयी दोघंही जास्त बोलत नाहीत.

एका दुपारी मामा मॅडमना म्हणाले, "आज पुस्तकातलं न्हाई काढत. घरचं काढू का?"

कल्पना सोपी होती. लोखंडी चौकट. मागं बसायची बैठक, पुढं भाकरी थापायच्या काठवटीची फळी, उजव्या हाताला शेगडीची फळी. बसून थापायचं आणि हात लांब न करता तव्यावर टाकायचं. मामांनी घरी टेप आणला, वत्सलाबाईंना बाजेवर बसवलं आणि मापं घेतली. बाजेच्या लाकडाच्या कडेपासून जमिनीपर्यंत साडेचारशे मिलिमीटर. म्हणून बैठक साडेचारशे. फळी त्याच्यापेक्षा चार बोटं वर, म्हणजे जमिनीपासून सव्वापाचशे. आठवडाभरात चित्र झालं. मॅडमनी छापून दिलं.

तो कागद घेऊन मामा मोंढ्याच्या मागं चाँदभाईंच्या दुकानात गेले. चाँदभाई वेल्डिंगचं काम करतात. दारं, खिडक्या, बैलगाडीचे साटे, काहीही. दोघांची ओळख जुनी; हॉलमधली मोडकी स्टुलं मामा त्यांच्याकडूनच जोडून आणायचे. चाँदभाईंनी कागद उलटासुलटा करून बघितला.

"कचरूभाऊ, ह्ये नक्शा कुणी काढला?"

"मी."

"खरं सांगा."

"मीच काढला. माप चुकलं तर मला बोला."

चाँदभाईंनी परत कागदाकडं बघितलं. "सूत आन इंचात न्हाई ह्ये."

"मागच्या बाजूला लिवलंय की," मामा म्हणाले. त्यांनी प्रत्येक माप इंचात आणि सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, करून पेन्सिलीनं मागं लिहिलेलं होतं.

चौथ्या दिवशी चौकट रिक्षातून घरी आली. वत्सलाबाईंनी हळदीकुंकवासारखं काही केलं नाही, पण नवी साडी नेसल्या होत्या, असं मामा सांगतात आणि त्या नाकारतात. त्या बैठकीवर बसल्या. पाय जमिनीला लागेनात. बोटं टेकायची, टाचा वर. पायांना आधार नाही म्हटल्यावर अंगाचा भार पुढं येईना. पहिली भाकर एका बाजूला जाड आणि एका बाजूला फाटलेली झाली.

"काढलंय चांगलं," त्या म्हणाल्या. "कपडे वाळत घालायला व्हईल."

आणि खरंच, आठ दिवस तिच्यावर कपडे वाळत होते.

चूक कुठं झाली ते मामांना दुसऱ्या दिवशी सकाळी बाजेवरून उठताना कळलं. बाज नवारीची. माणूस बसला की नवार खाली जाते आणि माणूस लाकडाच्या कडेच्या बराच खाली बसतो. त्यांनी माप वत्सलाबाईंचं घेतलं नव्हतं, बाजेचं घेतलं होतं. ते त्यांनी वत्सलाबाईंना तसंच सांगितलं. त्या हसल्या. ह्या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदा.

रविवारी मामांनी शेजारच्या बांधकामावरून विटा आणल्या. मधल्या खोलीत दोन ढिगारे रचले. एकावर वत्सलाबाई, दुसऱ्यावर काठवट. काठवटीत खरं पीठ, खरा उंडा. बैठक सहा विटांची होती. "लई उंच," वत्सलाबाई म्हणाल्या. मामांनी त्यांच्या खालची एक वीट काढली. त्या परत बसल्या, टाचा टेकल्या, हात काठवटीवर ठेवले आणि म्हणाल्या, "आता ही काठवट बी एक वीट खाली घ्या की. मी खाली आले तर ती कशी वर ऱ्हाईल?"

मामांनी काठवटीखालचीही एक वीट काढली. आता बैठक पाच विटा, काठवट सहा विटा. वत्सलाबाईंनी उंडा थापला. हात कोपरात न वाकवता भार सरळ खाली गेला. भाकर गोल झाली. दुसरी थापली. मग पीठ संपेपर्यंत त्या थापतच राहिल्या आणि मामा विटांवरचं माप कागदावर टिपत राहिले. तीनशे पंच्याहत्तर.

सोमवारी रोहिणी मॅडम परीक्षेच्या कामासाठी आठ दिवस बाहेरगावी गेल्या होत्या. मामांनी दीडला चित्र उघडलं, साडेचारशेच्या जागी तीनशे पंच्याहत्तर लिहिलं आणि बटण दाबलं.

मी त्या वेळी काही कामानं खाली आलो होतो. मामा पडद्याकडं बघत बसले होते. चित्रात बैठक खाली गेली होती. काठवटीची फळी वरच, हवेत. दोन्हींना जोडणारी तिरकी पट्टी भलतीकडं फेकली गेली होती आणि शेगडीच्या फळीचा पाय बैठकीतून आरपार गेला होता.

"सर, हात मोडल्यागत दिसायलंय," मामा म्हणाले.

मी गणिताचा माणूस. मला त्या चित्रातलं काही कळलं नाही आणि ते मी कबूल केलं. "मॅडमना फोन लावू का?" मी विचारलं.

"नको. त्या कामात असतेल. सगळं मीच सांगितलेलं हाय त्याला, तर चुकीचं बी मीच सांगितलंय. सापडंल."

ते तीन दिवस शोधत होते. पहिल्या दिवशी त्यांनी एकेक रेघ पकडून ओढली. तिरकी पट्टी निळी निघाली. तिचं वरचं टोक त्यांनी नजरेनं ठेवलं होतं, चिकटवलंच नव्हतं. ते चिकटवलं. दुसऱ्या दिवशी शेगडीच्या फळीचा पाय फळीलाच चिकटलेला आहे हे सांगायचं राहिलेलं सापडलं. तेही सांगितलं. आता चित्रात निळं काही उरलं नाही. सगळं काळं. तरी माप बदललं की बैठक एकटीच खाली जायची आणि काठवटीची फळी वर राहायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा घरी आले. वत्सलाबाई विटांवर बसून भाकरी करत होत्या. विटा अजून उचललेल्या नव्हत्या, आणि आता त्या कुणाला उचलू देत नव्हत्या. मामा तिथंच भिंतीला टेकून बसले आणि बघत राहिले. आणि बघता बघता त्यांना वत्सलाबाईंचं रविवारचं वाक्य आठवलं. मी खाली आले तर ती कशी वर राहील?

तिसऱ्या दिवशी त्यांनी दीड वाजायची वाट बघितली नाही. सकाळी पावणेदहाला दार उघडलं, पहिलाच संगणक लावला आणि झाडू बाजूला ठेवून बसले. काठवटीच्या फळीचं माप त्यांनी जमिनीपासून दिलेलं होतं, सव्वापाचशे. ते खोडलं. त्याच्या जागी बैठकीपासून दिलं, पंच्याहत्तर. शेगडीच्या फळीचंही जमिनीपासून दिलेलं खोडलं आणि काठवटीच्या फळीपासून दिलं. शेगडीची उंची वजा जाऊन, म्हणजे तवा आणि काठवट एका पातळीवर येतील असं. जमिनीपासून आता एकच माप उरलं, बैठकीचं.

त्यांनी तिथं साडेचारशे लिहिलं. सगळं वर गेलं. तीनशे पंच्याहत्तर लिहिलं. सगळं एकत्र खाली आलं, तिरकी पट्टी आपोआप कलली, पाय आखूड झाले. चारशे. तीनशे. साडेतीनशे. पोरं यायला लागली तरी मामा आकडे बदलत होते. आधी दोन पोरं मागं उभी राहिली, मग पाच-सहा. शेवटी एकानं विचारलं, "मामा, हे काय आहे?"

"तुमच्या मामीचं हाय," मामा म्हणाले आणि झाडू घेऊन उठले.

चाँदभाईंनी जुनीच चौकट कापून नव्या मापानं जोडली. ह्या वेळी ती घरी आली तेव्हा वत्सलाबाई नेहमीच्या साडीत होत्या. बसल्या, टाचा टेकवल्या आणि थेट पीठच मागितलं. त्या दिवशी जेवायला मला बोलावलं होतं. भाकरी पातळ होती, फुगलेली, कडा सारख्या. बरोबर ठेचा आणि शेपूची भाजी. मी तीन खाल्ल्या. गुडघ्याचं विचारलं तर वत्सलाबाई म्हणाल्या, "दुखतोय की. वय झालं. पर भाकरीपायी दुखत न्हाई आता."

आठवडाभरानं मॅडम परत आल्या. मामांनी त्यांना चित्र दाखवलं आणि आकडा बदलून दाखवला. मॅडमनी मापं कुठून कुठं दिलीत ते नीट बघितलं. मग त्या म्हणाल्या, "मामा, हे मी तुम्हाला शिकवलं नव्हतं."

"घरी शिकलो," मामा म्हणाले.

वत्सलाबाईंबरोबर शाळेत खिचडी शिजवणाऱ्या साखराबाई एकदा घरी आल्या आणि त्यांनी त्या बैठकीवर बसून बघितलं. साखराबाई उंच, वाळक्या. "माझं गुडघं कानाला लागायलेत," त्या म्हणाल्या. "पर मला बी एक पायजे. कारन मला बी पाठीचा तरास हाय." मामांनी त्यांना विटांवर बसवलं. सहा विटा घालाव्या लागल्या. लॅबमध्ये एक आकडा बदलला, साडेचारशे, आणि कागद छापून चाँदभाईंकडं दिला. चाँदभाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघितले. पाय, तिरकी पट्टी, फळ्या, उंचीची सगळी मापं वेगळी.

"भाऊ, मानूस बदलला की सगळी मापं बदलून आली. एकेक करत किती दिवस बसला व्हता?"

"एकच बदललं. बाकीची तिच्या मागं गेली."

चाँदभाईंनी विश्वास ठेवला की नाही ते माहीत नाही, पण तिसरी चौकट त्यांनी स्वतःहून मागितली, आपल्या आईसाठी. अमीरबींचं माप घ्यायला मामा विटा घेऊन त्यांच्या घरी गेले. अमीरबींनी आधी चहा पाजला, मग विटांवर बसायला साफ नकार दिला, मग बसल्या. आतापर्यंत अशा अकरा चौकटी झाल्यात. मामांनी प्रत्येकीची वेगळी फाईल ठेवली नाही. एकच चित्र आणि वहीत नावासमोर एकेक आकडा.

आमच्याकडं ह्या वर्षी स्नेहसंमेलन झालं तेव्हा कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं. वत्सलाबाई आल्या. अठ्ठावीस वर्षांत त्या पहिल्यांदाच तंत्रनिकेतनात येत होत्या. कार्यक्रम सुरू व्हायला वेळ होता, म्हणून मामा त्यांना लॅबमध्ये घेऊन गेले. मीही बरोबर होतो. चपला बाहेर काढून त्या आत आल्या, रांगेतले संगणक बघितले, एका खुर्चीच्या कडेला बसल्या. मामांनी चित्र उघडलं.

"ही तुझी बैठक."

वत्सलाबाई काळ्या रेघांकडं बघत राहिल्या. "आन मी कुठं हाय ह्याच्यात?"

मामांनी बैठक आणि जमीन यांच्यामधल्या आकड्यावर बाण नेला. "ही तू. तीनशे पंच्याहत्तर."

"इतकुशीच?"

"बाकी सगळं तुझ्यावरून निघतंय," मामा म्हणाले. मी तिथं आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी टेबल पुसायला घेतलं.

वत्सलाबाईंनी आकड्याकडं अजून एकदा बघितलं. मग त्यांना खिडकी दिसली. लॅबच्या खिडकीला बाहेरून सरकती जाळी आहे, डासांसाठी. त्यांनी उठून ती सरकवून बघितली, दोनदा.

"अशी आपल्या मागच्या खोलीला व्हईल का?"

"व्हईल की. माप घ्यावं लागंल."

"बाजेवरून घेऊ नका," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी दोघांनी मागच्या खोलीच्या खिडकीचं माप घेतलं. टेपचं एक टोक वत्सलाबाईंनी धरलं होतं. खिडकी गुण्यात, म्हणजे काटकोनात, नव्हती. वर एक माप, खाली एक माप, पाऊण इंचाचा फरक. गवंडी तोच. मामांनी दोन्ही मापं वहीत लिहिली, आणि ह्या वेळी दोन्ही लागणार होती.